ताक न झालेला चैत्र

भाचीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत संत तुकाराम नगरमध्ये होती. जेवणं झाल्यावर तिनं फ्रिजमधून ताकाच्या पिशव्या काढल्या, कात्रीनं कोपरे कापले आणि कागदी पेल्यांत ताक ओतलं. रिकामी पिशवी मी हातात घेऊन वाचली. पाणी, दही, मीठ, जिरं, आणि त्यापुढं तीन शब्द, जे वाचता आले पण कळले नाहीत. खाली ठळक अक्षरांत ‘घरच्यासारखं’ असं छापलं होतं. कोणाच्या घरच्यासारखं, ते छापलेलं नव्हतं.

“मावशी, आजीच्या ताकाचं प्रमाण सांग ना,” भाची म्हणाली. “एक लिटरला किती जिरं?”

हा प्रश्न मला गेली चाळीस वर्षं विचारला जातो आणि दर वेळी माझं डोकं उठतं. प्रमाण नव्हतं. मिठाची चिमूट होती, ती आईच्या बोटांची होती, आणि ती बोटं आता नाहीत. मी पेला ठेवला, चप्पल घातली आणि दहा मिनिटं चालत जुन्या कॉलनीकडं गेले.

आमची क्वार्टर अजून उभी आहे. दाराला कुलूप, खिडकीची एक काच फुटलेली. फुटक्या काचेतून आतला ओटा दिसतो, ओट्याच्या वर भिंतीतला कोनाडा दिसतो. वर मेट्रो जाते तेव्हा खिडकीची उरलेली काच थरथरते. पन्नासच्या दशकात इथं असा थरथराट नव्हता. दिवसातून तीनदा कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि त्याच्या मध्ये नुसतं ऊन असायचं. झाडं लावली होती, पण ती माझ्यापेक्षा बुटकी होती. पलीकडं कुसळांचं माळरान, त्यापलीकडं रेल्वेचे रूळ. दुपारी रूळ पाण्यासारखे हलताना दिसत.

बर्फ नव्हता. फ्रिज काय असतो ते मासिकातल्या चित्रात पाहिलं होतं. गार काही हवं असेल तर ते आदल्या दिवशी ठरवावं लागे, आणि ते ठरवण्याचं काम आईचं होतं. वाळ्याची जुडी धुऊन माठात सोडायची. तिसऱ्या दिवशी पाण्याला ओल्या मातीचा वास येई आणि पाचव्या दिवशी जुडी बदलली नाही तर दलदलीचा. कोकणातल्या शेजाऱ्यांकडून आलेली आमसुलं रात्रभर भिजत. निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंधी बायका बदाम, खसखस, बडीशेप आणि मिरी वाटून थंडाई करत. वाऱ्याची दिशा बरोबर असली तर तो वास आमच्या ओळीपर्यंत पोचतो असं मला वाटे. तसं ते शक्य नव्हतं, मध्ये मोठं अंतर होतं. पण वास आठवतो.

पन्ह्यावरून दर वर्षी भांडण होई. आई कैऱ्या शेगडीच्या निखाऱ्यावर भाजायची. साल काळी पडून फुटली की आतून आंबट वाफ येई आणि आमच्या दाढांच्या मुळाशी पाणी सुटे. वडिलांना, म्हणजे अण्णांना, हे भाजणं मान्य नव्हतं.

“राखेत काय काय असतं तुला कल्पना नाही. उकड. उकळत्या पाण्यात सगळे जंतू मरतात.”

“कैरीत जंतू नसतात हो. कैरीत कोय असते.”

अण्णा औषधांच्या कारखान्यात होते. तिथं बुरशीपासून औषध काढत, आणि ते जिथं कापडातून गाळत त्या खात्यात त्यांची नेमणूक होती. त्याआधी ते वाईला एका दुकानात कारकुनी करत आणि तिथं त्यांना जंतूंचा काही त्रास नव्हता. कारखान्यात प्रशिक्षण झालं आणि त्यांना सगळीकडं जंतू दिसू लागले. पेल्याच्या काठावर, माठाच्या झाकणावर, पाटावर, माझ्या नखांत. जेवायला बसले की ताटाकडं ते आधी संशयानं बघत आणि मग भुकेनं. आई घास भरवल्यासारखी शांतपणे म्हणायची, “जेवा आता, ते मेलेत सगळे.”

ही सगळी पेयं सणाची, पाहुण्यांची. रोजचं होतं ते ताक. पहिली पाळी सुटली की अण्णा सायकल भिंतीला लावून, उभ्या उभ्याच दोन पेले पीत. सकाळी रवीचा आवाज आला की माझी झोप मोडे. आधी जड, घुसळल्यासारखा. मग लोणी वर आलं की आवाज हलका होई, आणि आई शेवटचे चार हात अगदी सावकाश मारी. मग मीठ, जिऱ्याची पूड, हातानं चुरडलेली कोथिंबीर. आलं कधी असे, कधी नसे. आमच्या ओळीत दहा घरं होती आणि दहाही घरांत आईच्या ताकाला मान होता. चार घरं पलीकडच्या देवधरकाकू उठता बसता सांगत, “दही लावावं ते वहिनींनी. आम्हालाही त्यांनीच शिकवलं, दुधात बोट घालून दहापर्यंत मोजायचं.”

दूध थेरगावची ठकूबाई आणायची. डोक्यावर चरवी घेऊन ती नदी ओलांडून, पिंपरी गाव मागं टाकून, सडक पार करून सकाळ संध्याकाळ चालत यायची. तिचा नवरा बैलगाडीखाली सापडून अंथरुणाला खिळला होता. घरात कमावणाऱ्या दोघीच, ती आणि तिची म्हैस. आमचं घर ओळीत शेवटचं, म्हणून आमच्याकडं येईतो तिची चरवी तळाला आलेली असे, आणि उरलेलं चार घोट दूध ती मापाबाहेर आमच्या पातेल्यात उपडं करायची.

त्या वर्षी चैत्र लागला आणि अण्णांनी गाळण्याच्या फडक्यावर हल्ला चढवला. आई दूध जुन्या लुगड्याच्या धुवट तुकड्यातून गाळायची. ते फडकं अण्णांनी दोन बोटांत धरून खिडकीबाहेर झटकलं आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातून डबा एका पांढऱ्या, दणकट कापडात गुंडाळून आणला. गाळणीचं कापड. काही दिवस वापरलं की तिथं ते रद्द करून जाळायला काढत. अण्णांनी त्याचे चौकोनी तुकडे केले, इतके नीट की जणू पोस्टाची तिकिटं.

“हे शुद्ध आहे. नुसतं पाण्यातून काढ, पुरे. दूध ह्यातून गाळायचं आणि दह्यावर झाकायलाही हेच.”

“माझ्या आईनं जन्मभर लुगड्याच्या फडक्यातून गाळलं.”

“म्हणूनच,” अण्णा म्हणाले. यानंतर आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पण कापड वापरू लागली, कारण कापड खरंच चांगलं होतं.

आणि दही लागेनासं झालं.

पहिल्या दिवशी पातेल्यात सकाळी दूधच होतं, गोडं, वर पिवळसर सायीचा पापुद्रा. आईनं विरजण वाढवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दूध. तिनं पातेलं शालीत गुंडाळलं, तांदळाच्या डब्यात बसवलं, देठासकट हिरवी मिरची टाकली, देवधरकाकूंकडून नवं विरजण आणलं. दूधच. अण्णांनी कापड लवकर लवकर बदलायचा सल्ला दिला आणि दर तिसऱ्या दिवशी नवा तुकडा आणून दिला. घरात इतकी स्वच्छता कधीच नव्हती आणि ताकाचा थेंब नव्हता. अण्णा पाळीवरून येऊन पाण्याचा पेला रिकामा करत आणि तो असा आपटत, की जणू चूक पेल्याची.

आणखी एक गोष्ट होती. दूध नासतही नव्हतं. चैत्राच्या उन्हात, झाकून ठेवलेलं दूध दुसऱ्या दिवशीही गोडं राही. आईनं हे तीन दिवस पाहिलं, आणि चौथ्या दिवशी सकाळी ओळीच्या टोकाच्या नळावर, भरल्या बायकांत, ठकूबाईला अडवलं.

“ठकूबाई, दुधात काय घालतेस तू?”

“म्हंजी?”

“सोडा घालतेस. नाहीतर असल्या उन्हात दूध दोन दिवस टिकतं होय? आम्ही शेवटचं घर. चरवी तळाला आली की त्यात पाणी, आणि पाणी कळू नये म्हणून सोडा.”

“वैनी, सोडा घरात न्हाई माझ्या. पोटात दुखलं तर शेजारनीकडनं मागून आणती मी.”

“मग दही का लागत नाही?”

“त्ये मला काय ठावं? तुमचं दही, तुमचं घर.”

“बघा, बोलणं बघा,” आई बायकांकडं वळून म्हणाली. “चोर ती चोर.”

हा शब्द मी ऐकला. मी कळशी धरून उभी होते आणि कळशी भरून वाहत होती. ठकूबाईनं चरवी डोक्यावर घेतली आणि गेली, पण त्या सकाळी तिचं पाऊल नेहमीपेक्षा हळू होतं.

पुढं मी उभा जन्म वर्तमानपत्रात काढला. तिथं एक गोष्ट रोज दिसायची: आरोप पहिल्या पानावर येतो आणि दुरुस्ती आतल्या पानावर, चार ओळींत, जाहिरातीच्या खाली. नळावर तर आतलं पानही नव्हतं. आठवड्यात आठ घरांनी ठकूबाईचं दूध बंद केलं आणि चिंचवडच्या डेअरीवाल्याकडून सुरू केलं. त्यांच्या घरी दही रोज लागत होतं. तरी बंद केलं. “आज त्यांच्या पातेल्यात, उद्या आमच्या,” देवधरकाकू म्हणाल्या. ह्या तर्काला काही उत्तर नसतं, ह्यानं माझी आजही चिडचिड होते. उरलं आमच्या शेजारचं एक घर आणि आम्ही. आम्ही का उरलो, तर आई म्हणाली, तिला रंगेहाथ पकडायचंय.

ठकूबाईनं वाट उलटी केली. कॉलनीत शिरली की पहिल्यांदा आमच्याकडं यायची, भरल्या चरवीतून, आईच्या देखत माप ओतायची. दही लागलं नाही. आई म्हणाली, “घरूनच घालून आणतेस.”

मग एका संध्याकाळी माप ओतून झाल्यावर ठकूबाई गेली नाही. उंबऱ्याच्या आत आली आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली.

“लावा दही. मी बगती.”

“तू काय बघणार?”

“डोळं हायत मला. लावा.”

आईनं कापड पातेल्यावर ताणलं, दूध गाळलं, तापवलं, निववलं. बोट घालून दहापर्यंत मोजलं. विरजण लावलं. ठकूबाईची नजर आईच्या हातांवर होती. आईनं तेच कापड पातेल्यावर झाकायला उचललं, तेव्हा तिनं हात पुढं केला.

“ह्ये फडकं कसलं वो?”

“कारखान्यातलं आहे. शुद्ध असतं.”

ठकूबाईनं ते नाकाशी नेलं. “कुबट वास हाय ह्याला. भिताडाला ओल आली की येतो तसा. आमच्याकडं असलं फडकं दुधाला लावत न्हाईत.”

“तुमच्याकडं ना!”

“व्हय, आमच्याकडं. वैनी, राग नंतर करा. दोन वाडगी घ्या. एकात ह्यातलं दूध, एकात तुमच्या जुन्या फडक्यातलं. दूध मपलंच, इरजाण तुमचंच. सकाळी बगू.”

जुनं फडकं आईनं टाकलं नव्हतं. ते घडी करून डब्यामागं ठेवलं होतं, हे अण्णांना ठाऊक नव्हतं. दूध पुन्हा मोजलं गेलं, दोन वाडगी कोनाड्यात शेजारी शेजारी ठेवली गेली, आणि ठकूबाई अंधार पडायच्या आत निघून गेली.

सकाळी ती आली तेव्हा अण्णा पाळीला जायच्या तयारीत होते. आईनं झाकणं काढली. एका वाडग्यात दूध. दुसऱ्यात दही, असं घट्ट, की वाडगं कलंडलं तरी हललं नाही.

कोणी काही बोलायच्या आत अण्णांनी दोन्ही वाडगी खिडकीच्या उजेडात धरली. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

“अगं, हे तर… कापडात औषध राहिलंय! धुतलं तरी राहिलंय! दही म्हणजे जंतूच की, ते मेले. म्हणून दूध नासतही नव्हतं. केवढी ताकद बघ!”

“कोणाची?” आई म्हणाली.

“औषधाची!”

“भरल्या नळावर मी हिला चोर म्हटलं. आठ घरं तोडली हिची. आणि तुम्हाला ताकद दिसतेय.”

अण्णांनी वाडगी खाली ठेवली. ठकूबाई उंबऱ्यात उभी होती.

“मग आता नळावर सांगा, वैनी. ह्यांनी आनलेल्या फडक्यानं झालं म्हनून. त्याबिगर न्हाई कुनी दूध घ्यायचं माझं. म्हस इकावी लागंल.”

“नळावर नको,” अण्णा घाईनं म्हणाले. त्या खात्यातलं काहीही फाटकाबाहेर न्यायला बंदी होती, रद्द झालेलं कापडसुद्धा. थोड्याच दिवसांपूर्वी एकाला साबणाच्या वडीवरून घरी बसवलं होतं, आणि नोकरी गेली की क्वार्टर जाई. नळावर आठ बायका, आठ बायकांचे आठ नवरे, आणि आठही त्याच कारखान्यात.

“आन माझं?” ठकूबाईनं विचारलं.

अण्णा सायकल काढून गेले. डबा त्या दिवशी कापडात न गुंडाळता नेला.

पुढचे चार दिवस आई घरात भांडी आपटत होती. ताक झालं होतं, पहिल्यासारखं, पण कोणी त्याचं कौतुक केलं नाही. अण्णांनी एकदा पेला तोंडाला लावून “वा” म्हटलं आणि आईनं त्यांच्याकडं असं पाहिलं की दुसरा पेला त्यांनी मागितला नाही. ती दोघं माझ्यासमोर काही बोलत नव्हती. मी आत गेले की बोलणं थांबे. मला दोघांचाही राग येई, आणि खरं सांगायचं तर ठकूबाईचाही, कारण ती रोज येऊन माप ओतायची आणि काही न विचारता उभी राहायची.

पाचव्या दिवशी आमच्याकडं चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आरास केली, कलिंगडाचं कमळ कापलं, आंब्याची डाळ झाली. पन्ह्याच्या कैऱ्या आईनं निखाऱ्यावर भाजल्या आणि अण्णा काही म्हणाले नाहीत. ओळीतल्या सगळ्या बायका आल्या, गोल करून सतरंजीवर बसल्या. ठकूबाईलाही बोलावणं होतं. ती दाराशी थबकली. आईनं तिला हाताला धरून आत आणलं, मधोमध बसवलं, आणि पहिलं कुंकू तिला लावलं.

पन्ह्याचा पहिला पेला ठकूबाईच्या हातात देऊन आई सरळ उभी राहिली.

“एक सांगायचंय सगळ्यांना. दही लागत नव्हतं ते माझ्यामुळं. दूध निवायच्या आतच मी विरजण घालत होते. ठकूबाईच्या दुधात काही नव्हतं.”

देवधरकाकू हसल्या. “तुम्ही? अहो, बोट घालून दहा मोजायला आम्हाला तुम्हीच शिकवलंत की!”

“शिकवलं. स्वतः विसरले.”

“रोज?”

“रोज.”

“आणि ते दूध दोन दिवस टिकत होतं ते?”

आईचा हात पळीवर होता. तिनं पन्हं एकदा ढवळलं. “ते मी रागात वाढवून सांगितलं. खोटं होतं ते.”

बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. पदराआड हसू फिरलं. “जाऊ दे बाई, होतं असं,” कोणीतरी म्हटलं, आणि ज्या सुरात म्हटलं तो सूर आईला पुढची कितीतरी वर्षं ऐकावा लागला. कोणाच्या घरी दूध ओट्यावर दिसलं की देवधरकाकू विचारत, “निवलं का हो, वहिनी? की तुम्ही बघता बोट घालून?” आईकडं ताक मागायला त्यानंतर फारसं कोणी आलं नाही. ती हे सगळं ऐकून घ्यायची आणि घरी येऊन अण्णांवर ओरडायची. अण्णा ऐकून घेत. जंतूंचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. कैरी भाजली की उकडली, पाणी गाळलं की नाही, कोणी विचारलं नाही. मला ते भांडण हवंसं वाटे, हे मी आज इथं खिडकीशी उभी राहून कबूल करते. त्या भांडणाशिवाय पन्ह्याची चव थोडी फिकी लागायची.

हळदीकुंकू आटोपून बायका गेल्या. ठकूबाई मागं राहिली. पन्ह्याचा पेला तिनं संपवून, विसळून पालथा घातला.

“खोटं बोललासा की, वैनी.”

“खरं बोलले असते तर ह्यांची नोकरी गेली असती.”

“व्हय. कळतं त्ये मला.” ती उठली. “माझी घरं येतील परत. पर मी तुमाला खरंच सांगा म्हनलं हुतं.”

घरं परत आली. एक एक करून, पंधरा दिवसांत सगळी. म्हैस राहिली. ठकूबाईनं वाट पुन्हा सरळ केली आणि आमचं घर पुन्हा शेवटचं झालं. तळाचं मापाबाहेरचं दूध ती पूर्वीसारखंच आमच्या पातेल्यात उपडं करी. फक्त एक नवी गोष्ट सुरू झाली. आई पातेलं घेऊन दारात आली की ठकूबाई चरवीतलं घोटभर दूध आधी आपल्या तळहातावर घेई, आईच्या देखत पिऊन टाकी, हात पदराला पुसे, आणि मग माप ओते. पहिले काही दिवस आईला वाटलं, राग आहे, जाईल. वर्ष गेलं. दुसरं गेलं. पातेलं धरून आई रोज दारात उभी राही आणि तो घोट संपेपर्यंत तिला तिथून हलता येत नसे.

एकदा ती म्हणाली, “ठकूबाई, बास की गं आता.”

“ऱ्हाऊ द्या, वैनी,” ठकूबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. “आमची रीत हाय ती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओळीच्या पहिल्या घरापासून तिच्या मागं मागं चालत आले. आधीच्या नऊ घरांत तिनं सरळ माप ओतलं.